खामगावचा फुगेवाला

सोनुने सर आमच्या शाळेत आले ते 'अतिरिक्त' म्हणून. हा आमच्या खात्यातला शब्द आहे. एखाद्या शाळेतली मुलं कमी झाली की तिथला एक शिक्षक कागदावर जास्तीचा ठरतो आणि त्याला जिथे जागा रिकामी असेल तिकडे पाठवून देतात. सर मूळचे चित्रकलेचे. पण आमच्याकडे पी.टी.चे शिक्षक निवृत्त झाल्यावर ती जागा भरली गेली नव्हती, संगीताची जागा कधी नव्हतीच, आणि गॅदरिंगचं नाटक दरवर्षी ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या गळ्यात पडायचं. मुख्याध्यापक खर्चे सरांनी ही सगळी कामं पहिल्याच दिवशी त्यांना सांगून टाकली. सोनुने सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, मैदान कोणत्या बाजूला आहे. उत्तर मिळेपर्यंत ते दाराबाहेर गेले होते.

मी त्याच शाळेत गणित शिकवतो. माझा वर्ग त्यांच्या वर्गाला लागून होता, मधली भिंत पातळ. त्यांच्याबद्दल आज जे लिहितो आहे ते मला त्यांच्यासमोर बोलायला हवं होतं. ते झालं नाही. म्हणून हे लिहिणं, आणि लिहितानाही मध्येच उठून अंगणात चकरा मारणं चालू आहे.

शाळा मोताळा तालुक्यात, रोहिणखेडच्या बाजूला. सर देऊळघाटचे. त्यांचे भाऊ मळ्यात मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी लावायचे. सर पहाटे उठून भाजीच्या जुड्या मोटारसायकलला बांधायचे, बुलढाण्याच्या बाजारात टाकायचे, आणि राजूरचा घाट उतरून शाळेच्या घंटेआधी आमच्या फाटकात हजर. त्यांच्या बोटांना खडूचा आणि मेथीचा मिळून एक वास असायचा. गळ्यात शिट्टी. ती चित्रकलेच्या तासालाही गळ्यातच. स्टाफरूममध्ये त्यांना खुर्ची होती, पण तिच्यावर नेहमी दुसऱ्याच कुणाची तरी पिशवी. चहा ते खिडकीशी उभ्यानं घ्यायचे आणि अर्धा कप झाला की कप तसाच ठेवून मैदानाकडे जायचे. "सोनुने सरांचा अर्धा चहा" हा आमच्या शिपायाचा कायमचा विनोद होता. तो म्हणायचा, या माणसाले पगारही अर्धाच द्या, बाकीचा इथंच सोडून जाईन.

प्रार्थना आमच्याकडे स्पीकरवर लागायची. मुलं ओठ हलवायची. सरांनी आठवड्याभरात स्पीकर बंद केला आणि मुलांनाच गायला लावलं. पहिले काही दिवस ते ऐकवत नव्हतं. खर्चे सरांनी तक्रार केली की गावातले लोक फाटकाशी उभे राहून हसतात. सर म्हणाले, हसू द्या, ऐकून तर राह्यले. लेझीमचा ठेका ते बाकांवर थापट्या मारून शिकवायचे. माझ्या वर्गात पायथागोरस चालू असायचा आणि पलीकडून ठेका यायचा. माझी मुलं नकळत पेन्सिलीनं तोच ठेका धरायची. मी दोनदा भिंतीवर डस्टर आपटून निषेध नोंदवला. पलीकडून त्याच तालात उत्तर आलं.

चित्रकलेत त्यांचं भांडण एका ठराविक चित्राशी होतं. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी आणि नारळाचं झाड. आमच्या भागातल्या प्रत्येक मुलाला हे चित्र येतं, आणि नारळाचं झाड त्यातल्या बहुतेकांनी देवळातल्या कॅलेंडरवर पाहिलेलं असतं. सरांनी एका मुलाला विचारलेलं मी भिंतीपलीकडून ऐकलं.

"तुह्या गावात नारळाचं झाड कुठं आहे बे?"

"नाही सर."

"मंग घरामागं काय आहे?"

मग मुलगा म्हणाला, "उकिरडा."

"मंग तो काढ."

त्या महिन्यात आठवीच्या अख्ख्या वर्गानं घरामागचं काढलं. उकिरडे, शेणाच्या गोवऱ्या, फाटक्या ताडपत्र्या, टायर, बांधलेली शेळी. सरांनी ती चित्रं सव्वीस जानेवारीला व्हरांड्यात लावली. लोक आले, पाहू लागले, आणि घोटाळा झाला, कारण ती ओळखू येत होती. एका चित्रात उकिरड्यावर तीन पायांची निळी प्लॅस्टिकची खुर्ची होती आणि तिच्यावर कोंबडी बसलेली. ती खुर्ची उपसरपंचांची आहे हे गावाला ठाऊक होतं. त्यांच्या बाईंनी चित्रकाराला शोधून काढलं आणि सगळ्यांसमोर विचारलं की आमच्या घरात काढण्यासारखं दुसरं काही दिसलंच नाही का तुले. शेजारच्या घरातला तो पोरगा सरळ म्हणाला, "दिसलं ना काकू. पण सर म्हणे मागचं काढ."

चित्रं दुपारीच उतरवावी लागली. चार दिवसांनी तो उकिरडा उपसरपंचांनी ट्रॅक्टर लावून उचलला. गाव खूश झालं. सोनुने सर मात्र दिवसभर कुरकुरत होते, की पोट्ट्याचं चित्र अजून अर्धं राह्यलं होतं अन् यांनी मॉडेलच उचलून नेलं.

नाटकाची त्यांची पद्धत अशी की कुणाला एकच भूमिका द्यायची नाही. सगळ्यांनी सगळं पाठ करायचं, आणि कोण काय होणार ते गॅदरिंगच्या सकाळी ठरायचं. ज्या पालकांनी आपल्या मुलाला राजाचा पोशाख शिवून ठेवला होता त्यांना हे रुचलं नाही. पहिल्या वर्षी पुढारी झालेला मुलगा पहिल्या प्रवेशातच सुन्न उभा राहिला. तो अडल्याबरोबर प्रेक्षकांत बसलेली अर्धी शाळा त्याचं वाक्य एका सुरात म्हणाली. त्याला तरी बोलता येईना. मग मुलींच्या रांगेतून एक मुलगी उठली, मंचावर चढली, त्याच्या डोक्यावरची टोपी काढून आपल्या वेण्यांवर ठेवली आणि पुढचं नाटक गणवेशातच पार पाडलं. संस्थेच्या अध्यक्षांनी मला हळूच विचारलं, हे असंच बसवलं होतं का. मी हो म्हणालो.

आणखी एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तालुक्याला मुलींची खो-खोची स्पर्धा होती. सर दोरीबाहेरून संघाबरोबर धावत होते. पंचांनी दोनदा बजावलं तरी पाय थांबत नव्हते. आमचा संघ जिंकायच्या बेतात असताना आमच्या एका मुलीनं बसलेलीच्या पाठीला हात न लावताच खो दिला. पंचांचं तिकडे लक्ष नव्हतं. सरांनी शिट्टी मारली. आपल्याच संघाविरुद्ध. पंच गोंधळले, सरांनी त्यांना चूक समजावून सांगितली, आणि आम्ही हरलो. परतीच्या काळीपिवळी जीपमध्ये मुली रडत होत्या. त्यातली एक म्हणाली, "सर, पंचानं पाह्यलं नव्हतं ना."

"म्या पाह्यलं होतं ना माय," सर म्हणाले. त्यांनी सगळ्यांना मोताळ्याला कचोऱ्या खाऊ घातल्या आणि स्वतः गाडीतून उतरून टपरीसमोर येरझाऱ्या घालत राहिले. हरल्याचं दुःख त्यांनाही झालेलं दिसत होतं. पण शिट्टीचा पश्चात्ताप दिसला नाही.

आता माझ्या घरचं. माझी मुलगी पूर्वा तेव्हा आमच्याच शाळेत नववीत होती. ती काढायची. म्हणजे जे दिसेल ते काढायची. बाजारात पाय बांधून टाकलेल्या कोंबड्या, तराजू धरताना बाईच्या मनगटावर चढलेली बांगडी, जेवणानंतर तोंड उघडं टाकून झोपलेला मी. ते माझं चित्र सरांनी वर्गात लावलं होतं. मुलं मला पाहून हसायची आणि मला राग यायचा. आता ते चित्र कुठे आहे मला माहीत नाही.

त्या वर्षी पूर्वा इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसणार होती. या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा आहेत. चांगली ग्रेड मिळाली तर दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून आजकाल ज्याला रेघ ओढता येत नाही तोही बसतो. सरांच्या मुलांचे निकाल आदल्या वर्षी वाईट लागले होते. बहुतेकांना सी, काही नापास. खर्चे सरांनी त्यांना माझ्यासमोरच बोलावलं आणि स्पष्ट सांगितलं की पालक विचारून राहिले आहेत. यंदाही ग्रेड आल्या नाहीत तर पुढच्या सत्रापासून चित्रकलेचे तास गणिताला देणार. तास गेले की कार्यभार गेला, आणि कार्यभार गेला की तुम्ही पुन्हा अतिरिक्त.

सर म्हणाले, "पोट्टे पाहून काढतात, सर. पाहून काढलं का आधी वाकडं येते. सरळ यायले टाइम लागते."

"परीक्षा पावसाळा संपायच्या आत आहे," खर्चे सर म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी विनवल्यासारखंच सांगितलं की दुसऱ्या शाळांत ठरलेल्या आकृत्या घोटवून घेतात, तेवढ्या तुम्हीही घोटवा, काम भागेल. सरांनी मान हलवली. ती हो होती की नाही, ते आम्हा दोघांनाही कळलं नाही. पण भिंतीपलीकडचं काही बदललं नाही. मुलं तशीच ओरडत बाहेर पळायची, झाडाखाली बसायची, वाकडं काढायची.

मी घाबरलो. दहावीचा एकेक गुण मी रोज मोजतो, तो माझा धंदाच आहे. खामगावला जुन्या कापूस बाजाराजवळ वरच्या मजल्यावर एक क्लास होता. तिथल्या मुलांना हमखास ए मिळते असं ऐकलं होतं. दर रविवारी मी पूर्वाला तिकडे नेऊ लागलो. ते क्लासवाले चार आकृत्या शिकवायचे: फुगेवाला, डोक्यावर टोपली घेतलेली बाई, सायकल धरलेला माणूस आणि एक कुत्रा. विषय काहीही येवो. बाजार आला तर फुगेवाला बाजारात, जत्रा आली तर जत्रेत, बसस्टँड आला तर बसस्टँडवर. फुगेवाला पाठमोरा, म्हणजे चेहरा काढायची कटकट नाही, आणि फुग्यांनी वरची मोकळी जागा भरून निघते. मी मागच्या बाकावर बसून पाहायचो. मला ती पद्धत पटली, हे कबूल करतो. सूत्र होतं, आणि ते दरवेळी चालत होतं.

एकदा सरांनी मला विचारलं, "इंगळे सर, रविवारी दिसत नाही तुम्ही?"

"बहीण असते खामगावला," मी म्हणालो. बहीण आहे, पण ती अकोल्याला.

"बरं आहे," ते म्हणाले. "मोठं गाव."

मग एका तासाला त्यांनी मुलांना आपल्या गावचा आठवडी बाजार काढायला सांगितला. पूर्वाच्या कागदावर फुगेवाला उभा राहिला. आमच्या बाजारात फुगेवाला कधी येत नाही. पुढचं मला तिनंच घरी सांगितलं. सर तिच्या बाकाशी आले, कागद उचलला, विचारलं, "हा कुठं बसते वं?" सरांनी कागद परत ठेवला आणि म्हणाले, हात मोकळा झाला तुह्या, रेघ पहिल्यापेक्षा पक्की आली. आणि पुढच्या बाकाकडे गेले.

"बाबा, सरांना समजलं," ती म्हणाली. तिला खामगावला जायचं नव्हतं. मी तिला सांगितलं की सर रागावले नाहीत, म्हणजे त्यांची हरकत नाही. पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो.

निकाल हिवाळ्यात लागला. पूर्वाला ए. बाकी मुलांना सी, दोघींना बी. आमच्या शाळेला पहिल्यांदाच ए मिळाली होती. खर्चे सरांना हायसं वाटलं. त्यांनी अध्यक्षांना फोन करून सांगितलं की सोनुने सरांच्या मेहनतीला फळ आलं, आणि गॅदरिंगला त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार ठरवला. मला ते म्हणाले, आता अध्यक्षच सत्कार करणार म्हटल्यावर चित्रकलेचे तास कोण काढते पाहू. त्यांनी फार हुशारीनं त्या माणसाला वाचवलं होतं. मी सुटलो असं मला वाटलं. त्या आठवड्यात मला झोप चांगली लागली.

गॅदरिंगच्या दिवशी अध्यक्षांनी शाल घातली, टाळ्या झाल्या. मी शिक्षकांच्या पहिल्या रांगेत होतो. सरांनी माइक मागितला. ते कधी भाषण करत नसत, म्हणून मुलं शिट्ट्या मारू लागली. त्यांनी हातानं थांबवलं.

"ही ए ग्रेड माही नाही," ते म्हणाले. "पूर्वानं मेहनत केली, अन् इंगळे सरांनी तिले दर रविवारी खामगावले नेलं. शाल त्यायची आहे. ज्यायले सी आला, ते माह्ये पोट्टे."

मग ते खाली उतरले आणि ती शाल माझ्या खांद्यावर घातली. नारळ माझ्या हातात दिला. लोकांना वाटलं काय मोठ्या मनाचा माणूस, आणि टाळ्या आणखी वाढल्या. अध्यक्षही टाळ्या वाजवत होते. पूर्वा नाचाच्या पोशाखात मुलींमध्ये बसली होती. तिनं गुडघ्यात डोकं घातलं होतं.

कार्यक्रम संपल्यावर खर्चे सर सोनुने सरांना पडद्यामागे रागे भरले, की डोकं जाग्यावर आहे का तुमचं, म्या हे तुमच्यासाठी केलं होतं. अध्यक्ष जाता जाता एवढंच म्हणाले होते की म्हणजे इथं शिकवून होत नाही, खामगावलाच जावं लागतं. एवढं पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवशी मी सरांना मैदानात गाठलं. ते पांढऱ्या फक्कीनं कबड्डीची रेघ मारत होते. मी विचारलं, काऊन सांगितलं सर? माझं नाव घेतलं त्याचं काही नाही, पण तुमचे तास गेले.

"तुम्ही समोर बसले होते ना," ते रेघ न सोडता म्हणाले. "तुमच्यासमोर सत्कार कसा घेऊ?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी राग शोधला, तो सापडला असता तर मला बरं वाटलं असतं.

नव्या सत्राच्या वेळापत्रकात आठवी-नववीचे चित्रकलेचे तास माझ्या नावावर आले. मी नको म्हणू शकलो असतो. मुलांचं गणित कच्चं आहे, हे मी स्वतःला सांगितलं, आणि ते खरंही आहे. सरांना सिंदखेडराजाकडच्या एका शाळेत जायचा आदेश पावसाळ्यात आला. पूर्वानं तोपर्यंत चित्र काढणं बंद केलं होतं. दहावी आहे, वेळ नाही, असं ती म्हणते. वाढीव गुण मिळणार आहेतच.

त्यांच्या शेवटच्या दिवशी निरोपसमारंभ नव्हता. त्यांनीच नको म्हटलं. कागदावर सह्या झाल्या आणि ते हेल्मेट घेऊन व्हरांड्यात फिरत होते. शेवटचा तास नववीला माझाच होता. मी त्यांना म्हणालो, "सर, आजचा तास तुम्ही घ्या." मला वाटलं ते नाही म्हणतील. ते लगेच आत शिरले.

मुलं उभी राहिली. सरांनी फळ्यावरचा माझा त्रिकोण पुसला. मी दारात उभा होतो. सर म्हणाले, आज तुम्ही सांगाल ते शिकवतो, बोला काय काढू. मला वाटलं मुलं आता मैदानावर चला म्हणून ओरडतील. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिचं शिक्षण आईच्या शिवणकामावर चालतं, आणि गुणांची तिला माझ्याइतकीच काळजी.

"सर, तो फुगेवाला शिकवा ना," ती म्हणाली. "पूर्वाताईचा. आमची परीक्षा आहे यंदा."

सरांनी खडू हातात घेतला. मग म्हणाले, "काढा वह्या."

त्यांनी पाठमोरा माणूस काढायला घेतला. आधी खांदे, मग सदरा, मग उजवा हात वर आणि काठी. प्रत्येक रेघेनंतर ते थांबायचे आणि मुलांना गाठू द्यायचे. असं शिकवताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या तासाला पहिल्यांदाच कुणी बोलत नव्हतं, कुणी जागा सोडून उठत नव्हतं. नुसत्या पेन्सिली चालत होत्या. पाय काढून झाल्यावर ते एक पाऊल मागे सरले, फळ्याकडे पाहिलं, आणि मग दारात माझ्याकडे.

"इंगळे सर, खामगावचा असाच असते ना?" त्यांनी विचारलं. "पाय याचे असेच, का जवळ?"

मी इतके रविवार मागच्या बाकावर बसून पाहिलं होतं. मला ठाऊक होतं.

"जवळ," मी म्हणालो.

त्यांनी डावा पाय तळहातानं पुसला आणि उजव्याला लागून पुन्हा काढला.

"पाय जवळ घ्या रे," ते वर्गाला म्हणाले, आणि सगळी मुलं खोडरबर घेऊन वाकली.